गाळा जुलैपर्यंत ठेवा

ऑन्टारिओ, कॅनडा
रविवार, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "गाळ्यातलं तुला काय काय हवंय ते एकदा सांगून टाक, म्हणजे आम्ही मोकळे." मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलतो. आवाज चांगला येत होता. पेटीदुरुस्तीचा गाळा विकायचं ठरतंय हे दादाकडून आधीच कळलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर काही सुचेना. आणि फोनवर तुम्ही दोन वाक्यं झाली की "बरं, हिच्याशी बोल" म्हणून वहिनीच्या हातात फोन देता. म्हणून पत्र. दादानं मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये.

आधी नाताळची हकिकत पुरी करतो, ती तेव्हा अर्धीच राहिली होती.

२४ डिसेंबरची संध्याकाळ. बाहेर उणे चोवीस. एरवी आमच्या चर्चमध्ये रविवारी साठ-सत्तर डोकी असतात, त्या रात्री मात्र पाय ठेवायला जागा नसते. लोक गारठू नयेत म्हणून दुपारपासून हीटर जोरात लावलेले. त्यानं लाकडाचं आणि कातड्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या नाशकात आषाढ-श्रावणात पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि रविवार कारंज्यावर आपल्या दाराशी पेट्यांची रांग लागते. इकडे तो हंगाम जानेवारीत येतो आणि उलट्या बाजूनं येतो. हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली जातो, लाकूड आक्रसतं, सांधे उघडतात, कातडं पापडासारखं होतं. मी ऑर्गनचा भाता सुरू केला, म्हणजे बटण दाबलं, आणि एक सूर आपोआप बोलायला लागला. पट्टीवर माझं बोटही नव्हतं. तार सप्तकातला पंचम, चांगला कडक, थांबायचं नावच घेईना. आपण म्हणतो ना, सूर लागून राहिला? तेच. इकडे त्याला सायफर म्हणतात.

दुरुस्तीवाला तीन तासांवर राहतो आणि रस्ता बर्फानं बंद. मी कोट काढून ठेवला आणि शिडीनं ऑर्गनच्या पोटात चढलो. आत चौदाशेच्या आसपास नळ्या आहेत. सगळ्यांत लहान पेन्सिलीएवढी, सगळ्यांत मोठी सोळा फुटांची, लाकडी, शवपेटीसारखी उभी. यांतली कुठली बोलतेय ते कसं ओळखायचं? नळीच्या तोंडाजवळ बोट नेलं की सूर थोडा उतरतो. तसं चाचपत गेलो, सापडली, टाचेतून उचलली आणि आडवी निजवली. गप्प झाली. खाली आलो तेव्हा पांढऱ्या शर्टाचं पोतेरं झालेलं. पाळकबाईंनी विचारलं, "झालं?" म्हटलं, "झालं, एक सूर कमी आहे, तेवढा देवाला चालवून घ्यायला सांगा."

दोन दिवसांनी निवांत उघडून बसलो. प्रत्येक नळीखाली वाऱ्याच्या पेटीत कातड्याची एक छोटी वाटी असते, जुन्या रुपयाएवढी. ती फुगली की वाट बंद, बसली की वाट मोकळी, एवढाच तिचा धंदा. त्या पंचमाची वाटी भेगाळली होती. आप्पा, २००३ साली मी निघालो तेव्हा तुम्ही बॅगेत आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळून मेंढीचं कातडं ठेवलं होतंत. तिकडे मिळत नसेल म्हणून. मिळतं इकडे, सगळं मिळतं. पण ते मी कधी टाकलं नाही. त्यातलाच एक तुकडा गोल कापला, कडा तासून पातळ केल्या आणि सरस गरम करून बसवला. हो, सरसच. इकडेही सरसच वापरतात, कारण पन्नास वर्षांनी जो कुणी हे उघडेल त्याला तो गरम पाण्यानं सोडवता येतो. रखवालदार नाक धरून आत आला, काहीतरी मेलंय का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, हा आमच्या घरचा वास आहे.

सूर आता नीट लागतो. शेजारच्यांपेक्षा किंचित उशिरा बोलतो, कातडं जरा जाड पडलं. ते तुम्ही ऐकलं असतंत तर पुन्हा उघडायला लावलं असतंत.

तुमच्याकडे येणारी मंडळी "धाकटा काय करतो?" असं विचारतात तेव्हा तुम्ही "युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आहे" एवढंच सांगता, हे मला वहिनी सांगतात. खोटं नाही. पण पहिली नऊ वर्षं मी प्राध्यापक वगैरे काही नव्हतो, आपल्याकडच्या भाषेत तासिका तत्त्वावर होतो. दर सत्राला नवा करार, उन्हाळ्यात पगार नाही. आठवड्यातले दोन दिवस एका गावी, दोन दिवस नव्वद किलोमीटरवर दुसऱ्या गावी, मध्ये बर्फातून गाडी. शनिवारी कुणाचं लग्न, मधल्या वारी कुणाचं तरी दफन, रविवारी प्रार्थना. घरभाडं खरं म्हणजे लग्नं आणि मयतं यांवरच निघायचं. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, मग इकडे गाळा काय वाईट होता? आणि मला उत्तर देता आलं नसतं.

एका चर्चच्या मुलाखतीत समितीतल्या एका आजोबांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "पण तुम्हाला आमची गाणी येतात का?" मी म्हटलं, तुमची येतात, शिवाय रेव्हरंड टिळकांचीही येतात, ती तुम्हाला येत नसतील. नोकरी मिळाली नाही. तोंड आवरायला हवं होतं हे मान्य. पण मला टिळकांची भजनं कुठे बसून आली ते तुम्हाला ठाऊक आहे. शरणपूरला तुम्ही चर्चची पायपेटी उघडून बसायचात, मी स्क्रू सांभाळायचो, आणि वाजवणाऱ्या मिस माझ्या पेन्सिलीनं वहीत पाच रेघा मारून त्यांवर काळे ठिपके काढायच्या. दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्याबदल्यात त्यांनी मला शिकवलं. हा सौदा तुमच्या आयुष्यातला सगळ्यांत महाग पडलेला सौदा असं आई म्हणायची, कारण त्यापायी पोरगा गेला.

त्या दिवसांतली तुमची एक ताकीद अजून कानात आहे. पायपेटीचा भाता मी पायानं मारत होतो आणि मस्तीत एक पाय वर पट्ट्यांवर नेला. तुम्ही फटका दिलात आणि म्हणालात, "वाऱ्याला पाय लाव, सुराला लावायचा नाही." आपल्याकडे चुकून तबल्याला पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला नेतो. आणि पुढे माझ्या नशिबी कोणतं वाद्य आलं बघा. इथल्या ऑर्गनला पायांसाठी वेगळ्या पट्ट्या असतात, बत्तीस, लाकडी, जमिनीलगत. खर्ज सगळा पायांनीच वाजवायचा, टाच आणि चवडा आलटून पालटून. त्यासाठी पातळ कातडी तळव्याचे खास बूट असतात. देवळात जाताना आपण चपला बाहेर काढतो, इथे वाजवायला बसताना घालायच्या. पहिल्या दिवशी मी बाकावर बसायच्या आधी वाकून त्या पट्ट्यांना हात लावून नमस्कार केला. माझे तेव्हाचे मास्तर मदतीला धावले, त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं. पुढे मी ते सोडून दिलं. लाज वाटायची, आणि दिवसातून दहा वेळा कोण वाकणार?

मग चार वर्षांपूर्वी आई गेली. माझी करोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली, विमानात बसू दिलं नाही. दहाव्याच्या सकाळी रामकुंडावर आठ वाजले होते, इकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. मी रिकाम्या चर्चमध्ये ऑर्गनच्या बाकावर फोन घेऊन बसलो होतो. दादानं फोन पिंडाकडे धरला होता आणि कावळा शिवत नव्हता. तुम्ही सांगून पाहिलंत, आत्यानं सांगून पाहिलं, दादानं घराच्या हप्त्यापर्यंत सगळं कबूल केलं. पाऊण तास गेला. मग दादा वैतागून म्हणाला, "आई, धाकटा वाद्याला पाय लावायच्या आधी नमस्कार करत जाईल, बस?" आणि तो आला, शिवला. मी मास्तर माणूस आहे, योगायोग कशाला म्हणतात ते मला कळतं. त्या कावळ्याला तेव्हाच भूक लागली असेल. पण तेव्हापासून एकदाही न वाकता बसलेलो नाही. माझे विद्यार्थीही आता वाकतात. त्यांना वाटतं, ही ऑर्गनवादकांची जुनी पद्धत आहे. मी काही त्यांना दुरुस्त केलेलं नाही.

गावातल्या त्या गृहस्थांनी तुम्हाला विचारलं होतं ना, मुलानं धर्म बदलला का म्हणून? तुम्ही काय उत्तर दिलंत ते दादानं मला तेव्हाच कळवलं होतं. "नारोशंकराच्या देवळावर वसईच्या चर्चची घंटा टांगली आहे, तिनं धर्म बदलला का ते आधी जाऊन विचारा." मी हे उत्तर इथे किती लोकांना सांगितलं असेल! वसईचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतला हे सांगावं लागतं, मग गोदावरी कुठे ते सांगावं लागतं, तोवर विनोद थंड होतो. तरी सांगतो.

२०१९ मध्ये एका परिषदेसाठी लंडनला गेलो होतो, तेव्हाचंही एक सांगायचं राहिलं. वेस्टमिन्स्टर ॲबीत ऑर्गन ऐकायला गेलो आणि पायाखाली आफ्रिकेत फिरलेल्या त्या लिव्हिंग्स्टनच्या थडग्याची फरशी आली. १८७४ च्या एप्रिलमध्ये त्याला तिथे पुरलं. शवपेटीला ज्यांनी खांदा दिला त्यांत जेकब वेनराइट होता. आफ्रिकेतला, गुलामीतून सोडवलेला पोरगा, आणि शिकलेला कुठे, तर आपल्या शरणपूरला, मिशनच्या शाळेत. तिथून परत आफ्रिका, तिथून त्या मृतदेहाबरोबर जहाजानं इंग्लंड. मिस आम्हाला हे सांगायच्या, पण लहानपणी मला ती गोष्टच वाटायची. मी त्या फरशीशी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी विचारलं, काही मदत हवी का? मी म्हटलं, नको, आमच्या गावचा एक माणूस इथे येऊन गेलाय.

आता शिकवण्याचं. २०१८ पासून कायम झालो हे तुम्हाला माहीत आहे, पेढे वाटलेत तुम्ही. ऑर्गन शिकायला येणारी पोरं चारच आहेत. बाकी चाळीसेक जणांचा वर्ग असतो, त्यांना कान तयार करायला शिकवतो. तिथे मी पहिल्याच तासाला फोनवर तानपुरा लावतो आणि दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही असं सांगतो. सहाव्या-सातव्या मिनिटाला कुणीतरी हळूच हात वर करतं, "सर, यात एक सूर आहे जो तुम्ही लावलेला नाही." तो स्वयंभू गंधार. मग त्यांना तळघरातल्या छोट्या ऑर्गनकडे नेतो. तो जुन्या पद्धतीनं लावलेला आहे, मीनटोन म्हणतात, जर्मनीतल्या त्या थोर ऑर्गनवादक बाखच्याही आधीपासूनची. त्यात षड्ज-गंधार दाबून धरला की कंप राहत नाही, दूध-साखर. आजच्या पियानोचा, आणि आपल्या पेटीचाही, गंधार त्यापेक्षा चढा असतो. रेडिओनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं त्यामागे इतर गोष्टींबरोबर हेही दुखणं होतं, आणि तुम्ही रेडिओवाल्यांना शिव्या देत देत स्वतः मात्र बुवांच्या पेट्यांचे गंधार कानशीनं हळूच उतरवून द्यायचात. सुराची पितळी पट्टी मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. हे मी पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगतो. माझे पाहुणे प्राध्यापक म्हणतात, छान समजावलंत. हे सगळं दहा बाय बाराच्या गाळ्यातलं आहे हे मी त्यांना सांगत नाही. असं नाही, सांगतो. कधीकधी.

त्याच ओघात पेटीच्या सुरांचं खर्ज-नर-मादीही येतं. ऑर्गनच्या खुंट्यांवर १६, ८, ४ असे आकडे लिहिलेले असतात. ते नळीचे फूट. आठ फुटी म्हणजे नर, जसा लिहिला तसा बोलतो. सोळा फुटी त्याच्या सप्तकभर खाली, खर्ज. चार फुटी वर, मादी. पुस्तकात यावर दोन पानं आहेत. मला ते अर्ध्या मिनिटात कळलं होतं. मोठ्या ऑर्गनना बत्तीस फुटीही असते. तिचा सगळ्यांत खालचा सूर कानाला जवळजवळ कळतच नाही, बाकावर बसल्या जागी मांड्यांना कळतो.

आणि मेसियाँ. पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये हा गृहस्थ १९३१ पासून १९९२ पर्यंत, मरेपर्यंत, ऑर्गनवर होता. विसाव्या शतकातला मोठा रचनाकार. त्यानं लयीसाठी कुणाचं बोट धरलं? शार्ङ्गदेवाचं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला आपला शार्ङ्गदेव. त्याच्या ग्रंथात एकशेवीस देशी ताल दिले आहेत, ते मेसियाँला एका फ्रेंच ज्ञानकोशात सापडले आणि तो ते आयुष्यभर वापरत राहिला. वर्गात मी विद्यार्थ्यांना हे ताल हातानं द्यायला लावतो. त्यांचे उच्चार ऐकलेत तर हसाल. यादवांचं देवगिरीच्या आधीचं ठाणं आपल्या सिन्नरला होतं असं सांगितल्यावर एकीनं विचारलं, "सर, तुमच्याकडे सगळं तुमच्याच गावाजवळ कसं घडतं?" मी म्हटलं, लांब राहिलं की तसं दिसतं.

बाखची पायी वारीही दरवर्षी सांगतो. वीस वर्षांचा होता, १७०५ साल, चार आठवड्यांची रजा काढली आणि बुक्सटेहूडं या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकला गेला, चारशे किलोमीटर, चालत असं म्हणतात. परतला जवळपास चार महिन्यांनी. चर्चनं जाब विचारला, शिवाय तुझं वाजवणं ऐकून गाणारे गोंधळतात अशीही तक्रार केली. मला आपला तो कारागीर आठवतो, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर सिन्नरपर्यंत जाऊन येतो म्हणाला आणि पंढरपूर करून आषाढ संपल्यावर उगवला. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत, प्रसादाचे चुरमुरे खाल्लेत आणि कामाला लावलंत. बाखच्या चर्चपेक्षा तुम्ही शहाणे.

विद्यापीठाच्या सभागृहातला ऑर्गन कासाव्हाँ बंधूंचा आहे. क्वेबेकमधल्या सेंट-हायसिंथ गावची ही पेढी, १८७९ पासूनची, साडेतीन हजारांहून जास्त ऑर्गन यांनी बांधले. तुम्हाला आवडेल असं यात एवढंच की या भावांचा बाप मुळात लोहार होता. शिकायचं म्हणून मोठेपणी एका पाद्र्याच्या शाळेत गेला, पाद्र्यानं मोडका ऑर्गन आणि एक जुनं पुस्तक पुढे टाकलं आणि दुरुस्त कर म्हणाला. नळ्या कथिल आणि शिशाच्या. आपला कल्हईवाला भांड्याला फिरवतो तेच कथिल. पत्रा ओतायचा, रंधून सारखा करायचा, गोल वळवून डाग द्यायचा. मी पहिल्यांदा तो कारखाना पाहिला तेव्हा तांबट आळीतून चालल्यासारखं वाटलं, फक्त ठोकाठोक कमी आणि सगळ्यांच्या कानात बोळे.

इकडे आता चर्चं बंद पडताहेत, आप्पा. माणसं येत नाहीत, छत गळतं, इमारत विकतात, तिथे घरं होतात. ऑर्गन कुणाला नको असतो. "घेऊन जा, पैसे नकोत" अशा पाट्या मी पाहिल्यात. मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या गावी असाच एक मोडीत निघाला. आम्ही पोरांना घेऊन गेलो, जेवढ्या नळ्या वाचवता आल्या तेवढ्या काढल्या. एक दोन फुटांची नळी तुमच्यासाठी ठेवली आहे. मधल्या सप्तकातली पांढरी एक, बॅगेत आडवी मावते. तोंडानं हळू फुंकली तरी बोलते. जोरात फुंकू नका, वरच्या सप्तकात उडी मारते.

तुम्हाला आठवतं, पंचवटी एक्सप्रेसनं मला मुंबईला नेलं होतंत? ट्रिनिटीची, म्हणजे पाश्चात्त्य संगीताची, परीक्षा होती. परीक्षा झाल्यावर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये गेलो, १७१८ साली उघडलेली ती वास्तू, आणि मी पहिल्यांदा नळ्यांचा खरा ऑर्गन पाहिला. मी नळ्या मोजत होतो. तुम्ही तिथल्या माणसाला पहिलाच प्रश्न विचारलात, "भाता कोण मारतं?" तो म्हणाला, आता विजेची मोटर आहे, पूर्वी माणूस असायचा. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. गाडीत इगतपुरी आल्यावर म्हणालात, "म्हणजे त्या माणसाचं काम गेलं." बाखच्या काळी भाते तुडवायला माणसं लागत, ती आली नाहीत तर बाख असला तरी नुसता बसून. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मी वर्गात त्यांच्याबद्दल विचारतो, परीक्षेलाही घालतो. तो प्रश्न तुमचा आहे.

आता मुद्द्याचं. मला काय हवंय.

कानशी हव्यात, तिन्ही. सरसाचं पितळी भांडं हवं. ती लांब वही हवी, जिच्यात तुम्ही प्रत्येक पेटीचे सूर कुठले, जर्मन का पॅरिस का पालिताण्याचे, आणि मालक कुठल्या पट्टीत गातो हे लिहून ठेवलंय. काळी एक, काळी पाच, पांढरी चार, आणि समोर तुमचे शेरे. "गातात बरे, ऐकत नाहीत" हा कुणाबद्दलचा ते मला अजून माहीत आहे.

आजोबांचा ऑर्गन मात्र इकडे आणणं शक्य नाही आणि मला तो आणायचाही नाही. बुडालेल्या नाटक कंपनीच्या लिलावातून त्यांनी तो बैलगाडीनं आणला. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे बसायचे, तसलाच आपला ऑर्गन आहे असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दादा म्हणतो की मुंबईचा एक जुन्या सामानवाला त्याला चांगले पैसे देतोय, हॉटेलात शोभेला ठेवायला. शोभेला ठेवला की त्यावर फुलदाणी येईल, आणि फुलदाणीतलं पाणी कुठे जाईल ते तुम्हीच सांगा.

म्हणून विनंती अशी. गाळ्याचा व्यवहार जुलैपर्यंत थांबवा. मी १ जुलैला येतोय, महिनाभर. बरोबर माझी एक विद्यार्थिनी असेल. सस्कॅचवानमधल्या शेतकऱ्याची मुलगी आहे, पाठ सरळ, हात मोठे, बोलते कमी. इथे नळ्यांचं काम शिकवणारे आहेत, पण सूर घासायला शिकवणारा तिला कुणी भेटेना. मी तिला तुमचं घासणं तोंडानं सांगितलं, हातवारे करून दाखवलं, आणि तिनं विचारलं, "ते अजून शिकवतात का?" मी हो म्हणून बसलोय. तुमचे हात आता थरथरतात हे दादानं मला सांगितलंय, तुम्ही सांगितलं नाहीत तरी. तुम्ही घासू नका. खुर्चीत बसा, ती घासेल, तुम्ही ऐका आणि "अजून", "बस", "वाया घालवलास" एवढंच म्हणा. मला तुम्ही असंच शिकवलंत. मराठी तिला येत नाही, पण "वाया घालवलास" मी शिकवून आणतो, तिच्यासाठी "घालवलंस" करून.

आजोबांचा ऑर्गन तिच्यासमोर उघडायचा आहे. त्याचा भाता पेटीसारखा वारा ढकलत नाही, आत ओढतो, हे तिनं वाचलंय, पाहिलेलं नाही. कातडं मी इकडून आणतो. यावेळी माझी पाळी.

वहिनींना सांगा, ती तिखट खात नाही, मिसळ नुसती बघू दे. पाऊस चांगला झाला तर तिला दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते दाखवायला नेऊ. आणि नारोशंकराच्या घंटेवरून आपला जो वाद आहे, तुमच्या मते काळी दोन, माझ्या मते पांढरी तीन, त्याचा निकाल लागेल असं दिसत नाही, कारण आपण दोघांनीही ती शेवटची कधी ऐकली ते आठवत नाही. दादाला तिथे जाऊन विचारायला सांगा, जुलैत एकदा वाजवू देतील का. मी नळी घेऊन येतोय.

गुडघ्याला तेल लावता का? उत्तर लिहून धाडा, फोनवर नको.

तुमचा,
धाकटा